तिकोनवाली याडी

याडीला चौकोन सहन होत नसे. चार कोपऱ्यांची कोणतीही वस्तू हातात पडली की ती आधी कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडायची आणि मगच पुढचं काय ते करायची. रुमाल असो, बसचं तिकीट असो, कोणाच्या लग्नाची पत्रिका असो. माझ्या दुकानाच्या पायरीवर चहा पिताना बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा तिकोनी होऊनच तिच्या कमरेच्या पिशवीत जायचा. पोळी ती तशीच दुमडून खायची. कापडाचं तर विचारूच नका. कापड दिसलं की तिचे हात शिवशिवायचे आणि माझ्या कपाळाला आठी पडायची.

मी टेलर. पांढरकवड्यात बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली मशीनवर बसलो तो अजून उठलो नाही. या गावातल्या तीन पिढ्यांचे ब्लाऊज माझ्या हातून गेलेत. सासूचं माप आणि सुनेचं माप मला न बघता सांगता येतं. म्हणजे कापडाबद्दल बोलायचा हक्क कोणाचा असेल तर तो माझा. तरी गावात शिवणकामाचा विषय निघाला की लोक नाव काढायचे ते तिचं. याचं मला वाईट वाटायचं असं म्हणणं सभ्यपणाचं झालं. खरं म्हणजे मी जळायचो.

याडी म्हणजे गोरबोलीत आई. हायवेच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे, ती तिथली. घरात गोरबोली, बाहेर आमच्यासारखी वऱ्हाडी. तिचं खरं नाव तांड्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. सगळं गाव तिला याडी म्हणायचं आणि ओळख पटवायची झाली तर तिकोनवाली याडी. कापूस वेचायचे दिवस संपले आणि उन्हं तापायला लागली की ती माझ्या पायरीवर येऊन बसायची. अंगात आरशांची काचळी, तोंडात तंबाखू, शेजारी रिकामं पोतं. दुकानात दिवसभर पडलेली कतरण मी झाडून कोपऱ्यात लोटायचो, ती याडी घेऊन जायची. त्या कतरणीचे आणि घराघरांतून आणलेल्या जुन्या कापडाचे ती तिकोन कापायची आणि गोधड्या शिवायची. आमच्या बोलीत गोधडीला वाकय म्हणतात. मी फेकायचो त्यावर ती नाव कमवायची, हे माझं पहिलं दुखणं.

दुसरं दुखणं असं की इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडून एक ब्लाऊज शिवून घेतला नाही. काचळी स्वतःची स्वतः शिवायची. माझं कोणतंही काम बघून "छान झालं" म्हणून तिनं कधी म्हटलं नाही. उलट माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून हसायची. "टेप गयात घालून हिंडते मास्तर, डाक्टरवानी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिच्याकडे टेप नव्हता, खडू नव्हता. एक बोथट कैची होती आणि दात होते. दोरा ती कायम दातानं तोडायची. माझ्या दुकानात चार-चार कैच्या टांगलेल्या असताना पायरीवर बसून कट्‌ करून दोरा दातानं तोडणं, हे मला माझ्या धंद्याला वेडावून दाखवल्यासारखं वाटायचं.

एकदा कोण्या साहेबांची बायको ब्लाऊज टाकायला आली. महागाचं कापड, प्रिन्सेस कट, मागे डोरी. मी माप घेतो आहे, तिला गळ्याचे नमुने दाखवतो आहे, आणि बाईंची नजर पायरीवर. याडीनं एक गोधडी पूर्ण करून घडी घातली होती. घडी अर्थात तिकोनी. बाईंनी ती उलगडायला लावली. लाल-पिवळे, निळे-पांढरे तिकोन, दोन-दोन जोडून चौकोन केलेले, चौकोनाला चौकोन लावत गेलेले. बाई खाली बसल्याच. "मास्तर, ही तुम्ही शिवली?" त्यांनी विचारलं. मी घसा खाकरला. माझं उत्तर तयार व्हायच्या आत याडी बोलली, "नाई बाई. मास्तर निस्त्या चिंध्या करते. शिवतो आमी." बाई पोट धरून हसल्या. गोधडीचा फोटो काढला, याडीचा काढला, आणि ब्लाऊजची बाही किती ठेवायची ते सांगायचं विसरून निघून गेल्या.

तिच्या हातात काय होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. तेच तर दुखणं. तिकोन कापायचा म्हणजे कापड तिरपं कापायचं, उरेब. उरेब कापलेली कड रबरासारखी ताणली जाते आणि शिवताना हमखास झोळ पडतो. मी वाट बघायचो की कधीतरी याडीच्या गोधडीला झोळ पडेल. पडला नाही. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाली, "तू वढत असशीन. वढू नको. वढलं का वाकडं होते, कापड असो का पोट्टी." पोट्टी म्हणजे माझी मुलगी, कोमल. बोट कुठे ठेवायचं ते त्या बाईला बरोबर कळायचं.

आता कोमलबद्दल सांगतो, कारण बाकीचा हेवा मी चहाबरोबर गिळला असता. कोमल माझी एकुलती एक. तिनं कॉलेज करावं, पण हातात काम असावं म्हणून माझ्या शेजारी तिच्यासाठी नवीन मशीन घेतलं. मोटर लावलेलं, झिगझॅग होणारं. पहिल्या दिवशी हार घातला, नारळ फोडला. आठवडाभर पोरगी बसली. मग एक दिवस मान वळवून बघतो तर मशीन रिकामं आणि कोमल पायरीवर. याडीनं तिला सुई ओवून दिली होती. "आव, बेस," म्हणजे ये, बस, एवढंच ती म्हणाली असेल; तांड्यातल्या पोरींनाही ती तसंच म्हणायची. त्या उन्हाळ्यापासून माझी पोरगी तिच्याकडे बसायला लागली ती बसायलाच लागली.

मशीन चालवताना मला पायरीवरचं फक्त दिसायचं, ऐकू यायचं नाही. दोघींची डोकी जवळ, हात चालू, तोंडं चालू. मध्येच कोमल खळखळून हसायची. घरात मी तिला तसं हसताना फारसं पाहिलं नव्हतं. मी मशीन थांबवलं की त्यांचं बोलणं थांबायचं. काय बोलत होत्या ते विचारलं तर "काई नाई बाबा" हे ठरलेलं उत्तर. कॉलेजात कोण त्रास देतं, कोणत्या मैत्रिणीशी कट्टी झाली, कोणता विषय राहिला, हे सगळं तांड्याला माहीत, आणि मी फी भरणारा. पुढे तिला बघायला उमरखेडचा मुलगा यायचा होता, त्याच्याबद्दल तिला काय वाटतं तेही मला बायकोकडून कळलं आणि बायकोला याडीकडून.

एक दिवस मी कोमलला सरळच विचारलं. "एवढी चांगली मशीन घेतली तुले. काहून बसत नाई?"

"मशीन सुरू झाली का बोलताच येत नाई बाबा," ती म्हणाली. "हातानं शिवलं का बोलता येते."

मशीन माझं आयुष्यभर सुरूच होतं. त्या दिवशी एका बाईच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या.

लग्न ठरलं. मुलगा उमरखेडचा, कृषी केंद्रात कामाला, घरची शेती. तारीख निघाली तशी याडी पोतं न घेता दुकानात आली. पायरीवर बसली नाही, आत आली. पोरगी सासरी जाते तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरच्या कापडाचा एक-एक तिकोन घालून वाकय द्यायची, ही तिच्या तांड्याची रीत. कोमलची वाकय तीच शिवणार होती. आमच्या आईचं लुगडं तिनं आधीच नेलं होतं, बायकोची जुनी साडी नेली होती. राहिलो होतो मी.

"तुया एखांदा जुना सदरा दे मास्तर," ती म्हणाली.

मी खालून नवंकोरं शर्टिंग काढलं, चांगला हातभर तुकडा फाडून पुढे केला. तिनं हातात घेतला, वास घेतला आणि परत टेबलावर ठेवला. "नवं नाई चालत. आंगचं पायजे."

"आंगचं नाई माह्याकडं," मी म्हटलं.

"काहून? तू का उघडा हिंडतं?"

मी दिलं नाही. माझ्या मुलीची गोधडी, आणि त्यात मी एक तिकोन! बाकी सगळी त्या बाईची! मी टेलर आहे, चिंधीपुरता बाप नाही. मी सांगून टाकलं की कोमलची वाकय मीच शिवतो आहे, तू तुझी शीव. याडीनं मशीनवरची धूळ बोटानं पुसली, टेबलावरचा शर्टिंगचा तुकडा कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडला, तिथेच ठेवला आणि गेली.

आणि मी खरंच शिवली. नागपूरहून कापड आणलं. दार लावून कापायचो. पुठ्ठ्याचा साचा करून एकसारखे तिकोन पाडले, सगळी टोकं अशी जुळवली की टाचणी ठेवायला जागा नव्हती. मधे पातळ कापूस, खाली अस्तर, कडेला सॅटिनचा गोट. माझ्या हातून त्याहून चांगलं काम त्याआधी झालं नाही आणि नंतरही नाही. त्या धांदलीत एक छोटी गोष्ट घडली. मशीनला तेल दिल्यावर पुसायचं माझं फडकं हरवलं. माझ्याच जुन्या चौकटीच्या शर्टाचं होतं, वर्षानुवर्षं मशीनच्या मानेवर पडलेलं असायचं, घामही त्यालाच पुसायचो. मी दुकान उलटं-पालटं केलं, बायकोवर ओरडलो, उंदरांना शिव्या दिल्या आणि नवीन फडकं घेतलं.

लग्नात माझी गोधडी रुखवतात मांडली. बायकांची झुंबड. व्याह्यांनी बोट फिरवून पाहिलं, फोटो निघाले, "मास्तर, कमाल केली बाप्पा" असं चारचौघांत लोक म्हणाले. माझी छाती फुगली. याडी तांड्यातल्या बायकांसोबत आली होती. तिनं माझी गोधडी उचलली, उलटी केली, मागची बाजू पाहिली, कड चाचपली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होतो.

"छान हाय," ती म्हणाली. "कोन्या दुकानातून आनली?"

तिची स्वतःची गोधडी रुखवतात नव्हती. तिनं ती घडी करून कोमलच्या हातात दिली होती. मी ती उघडून पाहिली नाही. पाहायचीच नव्हती मला.

त्यानंतर याडीचं येणं कमी होत गेलं. डोळ्यांत सारा आला होता, नीट दिसत नव्हतं. यायची ती पायरीवर नुसती बसायची, सुई ओवायला कोणी नसायचं. मी एक-दोनदा ओवून दिली. "तिचा फोन आलता," ती मला सांगायची. "उमरखेडात पाण्याची लय बोंब हाय. सासू बरी हाय मने." माझ्या मुलीची खबर मला माझ्याच दुकानात ती द्यायची! मला फोन यायचा तो "जेवले का बाबा" एवढाच. मीही "जेवलो" म्हणून ठेवून द्यायचो. त्यात चूक कोणाची हे मला माहीत होतं, पण राग यायचा तो याडीचाच.

ती गेली ती कापसाच्या दिवसांत. पहाटे झोपेतच. तांड्यावर गेलो तेव्हा वेचणीला निघालेल्या बायका तशाच परत फिरल्या होत्या. याडीच्या अंगावर घातली होती तिचीच एक गोधडी. कोमल पहिल्या गाडीनं निघाली होती, गाडी बदलत दुपारपर्यंत पोहोचली. आल्या-आल्या ती याडीच्या पायांवर पडली आणि असा हंबरडा फोडला की तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या डोळ्यांतही पाणी आलं. मी बाजूला उभा. स्वतःच्या लग्नात निरोप घेताना ही पोरगी माझ्या खांद्यावर दोन मिनिटं रडली होती. मी मेल्यावर ही एवढी रडेल का, हा विचार माझ्या मनात तिथे, त्या प्रेताजवळ आला. आला तर आला. हेव्याला जागा-वेळ कळत नाही, निदान माझ्या हेव्याला तरी नाही. याडीच्या सगळ्या चिंध्या, पोतं आणि सुयांची डबी तांड्यानं तिच्यासोबतच सरणावर दिली.

नातू झाला. पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं, मग कोमल त्याला घेऊन उमरखेडला गेली. मी अधूनमधून जायचो. पण जावयाच्या घरी मुलीचा बाप बाहेरच्या खोलीत बसतो, चहा पितो आणि निघतो. आत डोकावत नाही. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर माझी गोधडी अंथरलेली असायची. तिच्यावर कोणी झोपत नसे. पाहुणे आले की तेवढी झटकायचे. तिचा गोट जसाच्या तसा चकचकीत होता.

नातू पावलं टाकायला लागला तेव्हाची गोष्ट. त्यानं माझं बोट धरलं आणि ओढत आत नेलं. मुलीच्या बापाला आत जाता येत नाही हे त्याला कोण सांगणार! आतल्या खोलीत पलंगावर याडीची गोधडी होती. धुऊन-धुऊन मऊ झालेली, एका कडेला उसवलेली. पोरगं तिच्यावर पालथं पडलं आणि एक तिकोन मुठीत धरून चोखायला लागलं. निळी-पांढरी चौकट. तिच्यावर पिवळट डाग. तेलाचा.

मी टेकलोच. माझं कापड मला कळणार नाही तर कोणाला कळेल! उंदरांना दिलेल्या सगळ्या शिव्या मला आठवल्या.

कोमल दारात उभी होती. "तुमचं फडकं हाय ते बाबा," ती म्हणाली. "लय वेळा धुतलं याडीनं, तरी तेल नाई गेलं. मने, मास्तर देत नाई तं मास्तरची मशीन देईल. बरोब्बर मधात लावलं तिनं. तुमाले सांगू नको मने, मास्तर उसवून नेईल."

मी उसवून नेलं असतं का? तेव्हा नेलं असतं. त्या बाईनं मला ओळखलं होतं. मी सगळी टोकं जुळवून शिवली ती दिवाणावर पडून होती, आणि मी दिलंच नाही ते माझ्या मुलीच्या अंगावर होतं, नातवाच्या तोंडात होतं. हे मला माझ्या हातानं जमलं नाही, तिच्या हातानं जमलं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. दोन्ही एकदमच.

कोमल जवळ येऊन बसली. "याच्यासाठी दुसरी शिवून राह्यली मी," ती म्हणाली. "तुमचा सदरा द्या बाबा."

मी अंगावरच्या शर्टाच्या गुंडीला हात घातला. ती हसली. "हा तं नवा हाय. नवं नाई चालत. घालून घालून जुना करा, मंग आना."

मी तो घातला. दुकानात रोज तोच. धुवायचा, वाळला की घालायचा. गिऱ्हाईक बायका कुजबुजायला लागल्या की मास्तरांकडे दुसरा शर्ट नाही की काय, बायको चिडली. कॉलर झिजली, कोपर विरलं. मऊ झाला तसा पिशवीत घालून उमरखेडला गेलो. बरोबर माझी सगळ्यांत चांगली कैची नेली, धार लावून.

या वेळी मी सरळ आतच जाऊन बसलो. कोमलनं शर्ट कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडला, कापला आणि शिवायला घेतला. मशीन नव्हतं, त्यामुळे खोलीत आवाज नव्हता. मी विचारलं, उमरखेडात पाण्याचं कसं काय. तिनं सांगितलं. मग सासूचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं, जावयाच्या नोकरीचं सांगितलं, तिला स्वतःला पुढे काय करावंसं वाटतं तेही सांगितलं. मी माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा मशीनवर कसं बसवलं ते सांगितलं. हे तिला ठाऊकच नव्हतं. ती हसली, तशीच, पायरीवर हसायची तशी. मी गोधडीवरून नजर फिरवली. तिच्या सासूचं कापड होतं, आईचं होतं, नवऱ्याचं होतं, माझं होतं. याडीची एक चिंधी नव्हती. कुठून असणार! मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. ही गोधडी आमची होती.

माझ्या तिकोनाचा शेवटचा टाका पडला. तिनं गाठ मारली. मी कैची उघडून पुढे केली.

तिनं मान खाली घातली आणि दोरा दातानं तोडला.